इमारतीच्या प्लॅनमधून आतला नकाशा: खोली, दार, मजला

प्लॅनवर स्टोअररूमला दोन दारं दाखवली आहेत. प्रत्यक्षात एका दारासमोर लोखंडी कपाट उभं आहे आणि ते कित्येक वर्षांत कोणी हलवलेलं नाही. इमारतीच्या प्लॅनवरून आतला नकाशा करायला बसाल तेव्हा हे कपाट लक्षात ठेवा. बांधणाऱ्याच्या मनात काय होतं ते प्लॅन सांगतो. आज माणूस कुठून आत जाऊ शकतो, हे नकाशानं सांगायचं असतं. या दोहोंतलं अंतर भरून काढणं हेच सगळं काम आहे. सॉफ्टवेअर त्यात निम्म्याहून कमी.

मी भुसावळची. आयटीआयतून सिव्हिल ड्राफ्ट्समनचा ट्रेड केला आणि जळगावला एका आर्किटेक्टकडे २२ वर्षं ड्रॉइंगं काढली. सुरुवातीला ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन, नंतर संगणकावर ऑटोकॅड. आतल्या नकाशांकडे वळले ती माझ्या मोठ्या मावशीमुळे. तिला घेऊन एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. मी केसपेपरच्या रांगेत उभी राहिले आणि ती एकटीच पुढे गेली. "भाऊ, एक्स-रेनी खोली कथा शे?" (एक्स-रेची खोली कुठे आहे?) असं तिनं अहिराणीत पाच जणांना विचारलं, पाचही जणांनी हात केला, आणि दुखऱ्या गुडघ्यानं ती पूर्ण जिना चढून वर गेली. एक्स-रे तळमजल्यावरच होता, दुसऱ्या विंगेत. त्या विंगेचा प्लॅन आमच्याच ऑफिसच्या कपाटात गुंडाळून ठेवलेला होता. मी त्याच्या खिडक्यांची मापं लिहिली होती. तरी मावशीला मी वाट सांगू शकले नव्हते.

त्यानंतर रीतसर परवानगी काढून मी त्या इमारतीचा नकाशा केला, मग आणखी काही इमारतींचे. जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते. उदाहरणं दवाखान्याची आहेत, पण कॉलेज, बसस्थानक, बाजार समिती, ग्रंथालय, सगळीकडे रीत हीच.

कोणता प्लॅन घ्यायचा

एका इमारतीचे निदान तीन प्लॅन असतात: मंजुरीसाठी दिलेला, साइटवर गवंड्यांनी वापरलेला वर्किंग ड्रॉइंग, आणि बांधून झाल्यावर काढलेला ॲज-बिल्ट. तिसरा मिळाला तर तोच घ्या. बहुतेक ठिकाणी पहिलाच हाती येतो. त्यावर काम करायला हरकत नाही, मात्र त्याचे रंग वाचता आले पाहिजेत. लाल भरलेलं म्हणजे प्रस्तावित बांधकाम. पिवळ्या तिरप्या रेषा म्हणजे पाडायचं बांधकाम. लाल तुटक रेषा ड्रेनेजची, काळी बारीक तुटक रेषा पाण्याच्या पाइपाची. नवशिका माणूस ड्रेनेजची रेषा पार्टिशन समजून गिरवतो आणि व्हरांड्याच्या मधोमध भिंत उभी राहते. दारांवर डी, डी-१, डी-२ असं लिहिलेलं असतं, खिडक्यांवर डब्ल्यू, झरोक्यांवर व्ही, रोलिंग शटरवर आरएस. कोपऱ्यात त्यांचं शेड्यूल असतं. दारांची रुंदी तिथून उतरवून घ्या, पुढे फार कामाला येते.

परवानगी लेखी घ्या. इमारत एकाची असते आणि ड्रॉइंगवरचा हक्क आर्किटेक्टचा, म्हणून दोघांनाही विचारा. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर, टाकायचा असेल तर 'ही माहिती कोणालाही वापरता येईल' हे पत्रात स्पष्ट लिहून घ्या. आणि काय दाखवायचं नाही हेही तेव्हाच ठरवा. औषधांचा मोठा साठा, रोकड ठेवायची खोली, सर्व्हर, कॅमेऱ्यांच्या जागा माझ्या नकाशात नसतात. तिथे फक्त 'खाजगी' असा बंद चौकोन असतो. लोकांच्या राहत्या घरांच्या आतला भाग तर मी कोणी सांगितलं तरी करत नाही.

प्लॅन घेऊन चाला

संगणक उघडण्याआधी इमारतीत चाला. मी दुपारी दोन ते चार ही वेळ निवडते. ओपीडी ओसरलेली असते आणि टेप लावताना कोणाच्या पायात येत नाही. सोबत प्लॅनच्या दोन छापील प्रती, एक लाल पेन, एक हिरवं पेन, ३० मीटरचा टेप आणि टेपचं दुसरं टोक धरायला माझा भाचा. प्लॅनवर आहे पण जागेवर नाही, त्यावर लाल फुली. जागेवर आहे पण प्लॅनवर नाही, ते हिरव्यानं काढायचं. तासाभरात कागद रंगतो. व्हरांडा ॲल्युमिनियमनं बंद करून केलेली खोली, दोन खोल्यांमधली काढून टाकलेली भिंत, जिन्याखालची झेरॉक्स, रॅम्पच्या तोंडाशी लावलेली साखळी हे सगळं त्या हिरव्या-लाल रेषांत येतं.

दारांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. प्रत्येक दाराच्या चार गोष्टी लिहिते: मोकळी रुंदी किती, उंबरा आहे का, कोणत्या बाजूला उघडतं, आणि कधी बंद असतं. शेवटची गोष्ट भिंत पाहून कळत नाही. ती वॉर्डातल्या मामा-मावशींना विचारावी लागते. मागच्या बाजूच्या एका दाराशी टेप लावत होते तेव्हा तिथले मामा म्हणाले, "ताई, हे दार लिहू नका. रात्री आठनंतर कडी लागते. मग ॲम्ब्युलन्सच्या बाजूनं पूर्ण फिरून यावं लागतं."

"मग लिहायलाच पाहिजे ना, मामा. वेळेसकट लिहिते."

ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग मला आणखी तीन दारं दाखवून आणली. इमारत कशी चालते हे तिथे रोज चालणाऱ्यालाच माहीत असतं. त्यांच्याशी बोलल्याशिवाय केलेला नकाशा मी पुरा मानत नाही.

मापांची तपासणीही याच फेरीत करायची. सगळ्या खोल्या मोजायची गरज नाही. बाहेरून पूर्ण लांबी, बाहेरून पूर्ण रुंदी, एक लांब कॉरिडॉर आणि कुठल्याही एका मोठ्या खोलीचा कर्ण एवढं मोजा. प्लॅनशी चार-सहा इंचांत जुळलं तर प्लॅनवर विसंबता येतं. दोन फुटांचा फरक निघाला तर साइटवर काहीतरी बदललेलं आहे, ते शोधा.

फूट-इंचांबद्दल एक इशारा. जुन्या प्लॅनवर १०'-११" लिहिलेलं असतं. घाईत लोक ते १०.११ म्हणून टाइप करतात. दहा फूट अकरा इंच म्हणजे १०.९१७ फूट, मीटरमध्ये ३.३२७. आणि १०.११ फूट म्हणजे ३.०८२ मीटर. फरक जवळजवळ २५ सेंटिमीटरचा, म्हणजे अख्ख्या नऊ इंची भिंतीएवढा. मापं मीटरमध्ये बदलताना आधी इंचांना १२ नं भागा, मग फुटांत मिळवा, मग ०.३०४८ नं गुणा. क्रम चुकवू नका.

कागद पडद्यावर आणणं

कागदी प्लॅन असेल तर मोठ्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून घ्या. इमारतीचा प्लॅन साधारण १:१०० प्रमाणात असतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा एक मीटर. ३०० डीपीआयला एका सेंटिमीटरमध्ये ११८ ठिपके बसतात, म्हणून एक ठिपका म्हणजे जागेवरचे साडेआठ मिलिमीटर. यापेक्षा बारीक स्कॅनचा उपयोग नाही, फाइल तेवढी जड होते. मोबाइलनं काढलेला फोटो अगदी नाइलाज असेल तरच वापरा. कडा वाकतात, घडीच्या जागी भिंत तुटते.

कॅडची फाइल मिळाली तर नशीब चांगलं, पण तिचीही कामं आहेत. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल आधी डीएक्सएफमध्ये, म्हणजे इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या स्वरूपात, बदला. मग मापांचे, फर्निचरचे, हॅचचे (भरावाच्या तिरप्या रेषांचे) आणि अक्षरांचे थर बंद करा. फक्त भिंत, खांब, दार, जिना ठेवा. फाइल मिलिमीटरमध्ये आहे की इंचांत, हे एखादं ओळखीचं दार मोजून ठरवा. आणि हे लक्षात घ्या की कॅडमध्ये खोली नसते, नुसत्या रेषा असतात. दाराच्या जागी भिंतीची रेषा तुटलेली असते, त्यामुळे सॉफ्टवेअरला रेषांवरून खोल्या करायला सांगितलं की कॉरिडॉर आणि सगळ्या खोल्या मिळून एकच विचित्र आकार तयार होतो. प्रत्येक दाराच्या तोंडावर एक रेषा मारून ते बंद करा, तेव्हा खोली खोली होते. या रेषा पुसू नका, वेगळ्या थरात ठेवा. पुढे त्याच तुमची दारं असतात.

जमिनीवर बसवणं

आता प्लॅनला अक्षांश-रेखांश द्यायचे. यासाठी मी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यातलं जिओरेफरन्सर हे साधन प्लॅनवरचा बिंदू आणि जमिनीवरचा बिंदू यांची जोडी लावतं.

प्रोजेक्टची निर्देशांक पद्धत आधी ठरवा. खानदेशासाठी यूटीएम झोन ४३ उत्तर घ्या. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे करून मीटरमध्ये निर्देशांक देणारी पद्धत. सॉफ्टवेअरमधल्या पद्धतींच्या यादीत तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. हा झोन ७२ ते ७८ अंश पूर्व असा आहे, म्हणजे नंदुरबार, धुळे, जळगाव तिन्ही जिल्हे त्यात पूर्ण बसतात. त्याची मध्यरेखा ७५ अंशांची, ती अमळनेरच्या थोडी पश्चिमेकडून जाते. मध्यरेखेजवळ १०० मीटरला चार सेंटिमीटरचा फरक पडतो, तो इमारतीच्या कामात सोडून द्यायचा. वेबवरच्या नकाशांची नेहमीची पद्धत, ईपीएसजी ३८५७, मापांसाठी घेऊ नका. आपल्या अक्षांशावर, सुमारे २१ अंशांवर, तिच्या निर्देशांकांत अंतर सात टक्क्यांनी फुगतं. शंभर फुटांची भिंत १०७ फुटांची होते आणि तुम्ही प्लॅनमध्ये चूक शोधत बसता.

नियंत्रणबिंदू, म्हणजे जोडी लावायचे हे बिंदू, कुठून घ्यायचे? मोबाइलचा जीपीएस उघड्यावर तीन ते पाच मीटर इकडेतिकडे जातो, भिंतीशेजारी त्याहून जास्त. त्यामुळे इमारतीचे कोपरे उपग्रहचित्रावरून घेणं बरं. पण चित्रात दिसतं ते छत. भिंत त्याच्या खाली, आत असते. स्लॅब किंवा छज्जा भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट आलेला असतो. तो जागेवर मोजा आणि तेवढं आत सरका. तीन-चार मजल्यांची इमारत चित्रात एका बाजूला कललेली दिसते. तिथे छताचा कोपरा न घेता जोत्याचा कोपरा शोधा. आणि उपग्रहचित्रच काही मीटर सरकलेलं असू शकतं. आजूबाजूच्या रस्त्यांवरून लोकांनी नोंदवलेल्या जीपीएसच्या वाटा ओपनस्ट्रीटमॅपवर दिसतात, त्यांच्याशी चित्र आधी जुळवून घ्या.

मी सहा बिंदू घेते. चार बाहेरचे कोपरे, बाकीचे दोन पोर्च किंवा आतल्या चौकाचे. सगळे बिंदू एकाच बाजूला नकोत.

पुढची निवड महत्त्वाची आहे आणि मी इथेच पहिल्यांदा फसले होते. रूपांतराचे प्रकार सॉफ्टवेअर विचारतं. हेल्मर्ट प्रकार प्लॅनला सरकवतो, फिरवतो आणि सगळीकडे सारखं लहान-मोठं करतो, आकार बिघडवत नाही. कॅडच्या फाइलला आणि चांगल्या स्कॅनला तोच घ्या. जुना कागद एका दिशेनं ताणला किंवा आकसला असेल तर पहिल्या प्रतीचं (फर्स्ट ऑर्डर) पॉलिनोमियल, ते दोन दिशांना वेगवेगळं ताणू शकतं. मी त्या वेळी तीनच बिंदू देऊन पहिल्या प्रतीचं पॉलिनोमियल घेतलं. चूक शून्य दाखवली म्हणून आनंदात गिरवायला बसले. संध्याकाळी पाहते तर काटकोनातल्या खोल्या तिरक्या झालेल्या. तीन बिंदूंना ते रूपांतर नेहमी तंतोतंत बसतं, म्हणून चूक शून्यच दिसते. एक बिंदू चुकीच्या कोपऱ्यावर लावलेला होता आणि तो पकडणारा चौथा बिंदूच नव्हता. तेव्हापासून जास्तीचे बिंदू देते आणि प्रत्येक बिंदूपुढची चूक वाचते. अर्ध्या मीटरच्या आत असेल तर पुढे जाते. एखादाच बिंदू दोन मीटर दाखवत असेल तर तो कोपरा पुन्हा जाऊन बघते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीच्या पॉलिनोमियलला हात लावू नका. चूक कमी दिसते, पण सरळ भिंतींना बाक येतो.

तळमजला एकदा नीट बसला की वरचे मजले त्याच्यावरच बसवा, उपग्रहचित्रावर नाही. जिन्याचा कोपरा, लिफ्टचा खड्डा आणि मुख्य खांब प्रत्येक मजल्यावर एकाच जागी असतात. तेच बिंदू घ्या. नाहीतर जिना वर जाता जाता दोन फूट सरकतो.

गिरवणं

एक जिओपॅकेज फाइल (नकाशाचे सगळे थर एकत्र ठेवणारी) करा आणि तिच्यात तीन थर: खोल्या, दारं, वाटा. खोल्या क्षेत्र म्हणून, दारं बिंदू म्हणून, वाटा रेषा म्हणून. प्रत्येकाला 'मजला' हा रकाना हवाच.

भिंतीची आतली कड गिरवायची की मध्यरेषा? दोन्ही रीती चालतात, मिसळ चालत नाही. ओपनस्ट्रीटमॅपसाठी मी मध्यरेषा घेते, कारण शेजारच्या दोन खोल्यांना एकच सामाईक रेषा मिळते आणि दार त्या रेषेवर बसतं. जुन्या दगडी इमारतींत भिंत दीड फुटाची असली तरी हेच करते. गिरवताना स्नॅपिंग (नवा बिंदू जवळच्या बिंदूला चिकटवणं) आणि टोपोलॉजिकल एडिटिंग (सामाईक कड दोन्ही खोल्यांची एकदम हलवणं) दोन्ही चालू ठेवा, नाहीतर दोन खोल्यांमध्ये केसाएवढी फट राहते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. शेवटी टोपोलॉजी चेकर चालवून फटी आणि एकावर एक आलेले भाग शोधा.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आतल्या भागासाठी साधी टॅगपद्धत आहे. टॅग म्हणजे वस्तू काय आहे ते सांगणारी छोटी नोंद. टॅग रोमन लिपीत लहान अक्षरांत टाइप करायचे असतात, इथे मी उच्चार लिहिते. भिंतींनी बंद खोलीला 'इनडोअर=रूम', येण्याजाण्याच्या बोळाला 'इनडोअर=कॉरिडॉर', भिंत नसलेल्या मोकळ्या जागेला, उदाहरणार्थ हॉलमधल्या बाकांच्या भागाला, 'इनडोअर=एरिया'. प्रत्येकाला 'लेव्हल'. खोलीच्या सीमेवरच्या बिंदूला 'डोअर', बाहेरच्या भिंतीतल्या दाराला 'एन्ट्रन्स', आणि रुंदीसाठी 'विड्थ'. दाराचा बिंदू सीमारेषेचा भाग असला पाहिजे, जवळ ठेवून भागत नाही. वाटा शोधणारी बरीच साधनं क्षेत्र समजत नाहीत, फक्त रेषा समजतात. म्हणून कॉरिडॉरच्या मधून एक रेषा काढा आणि तिच्या फांद्या प्रत्येक दाराच्या बिंदूपर्यंत न्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि करायलाच हवं. मावशीसारख्या माणसाला लागते ती हीच रेषा.

मजल्यांचे आकडे

आपल्याकडे तळमजला शून्य, त्याच्यावरचा पहिला. ओपनस्ट्रीटमॅपमध्येही तेच. अमेरिकी पद्धतीत रस्त्यालगतचाच मजला पहिला म्हणतात. एखादं साधन तिथलं असेल तर आकडे तपासून घ्या. तळघर उणे एक, पोटमाळा ०.५. जिना एकाच मजल्याचा नसतो, त्याला दोन्ही मजले लिहायचे, '०;१' असे. लिफ्टला ती जिथे जिथे थांबते ते सगळे मजले. थांबत नाही तो मजला लिहू नका.

उतारावरच्या इमारतींत गोंधळ होतो. समोरून तळमजला, मागून गेलं तर तोच पहिला मजला. सातपुड्याच्या पायथ्याशी अशा इमारती भेटतात. अशा वेळी मुख्य दार ज्या मजल्यावर तो शून्य धरा, आणि मागच्या दाराला त्याचा खरा आकडा द्या. पाटीवर लोकांनी वेगळं लिहिलं असेल तर ते 'लेव्हल:रेफ' मध्ये जसंच्या तसं.

चढउतार लिहायला विसरू नका. एका पायरीमुळे चाकाची खुर्ची थांबते, म्हणून एक पायरीही नकाशात येते. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा असा आपल्याकडचा निकष आहे. दीड फूट जोतं असेल तर रॅम्प १८ फूट लांब हवा. जागेवर तो नऊ फूट असला तर नकाशावर 'रॅम्प आहे' एवढंच लिहिणं खुर्चीवरच्या माणसाची फसवणूक आहे. लांबी, उंची मोजा आणि उतार लिहा.

नावं

या भागावर मी इतर कशाहूनही जास्त भांडते. प्लॅनवर लिहिलेलं असतं 'मायनर ओटी', 'इंजेक्शन रूम', 'रजिस्ट्रेशन'. लोक शोधत असतात ड्रेसिंगची खोली, कुत्रं चावल्याच्या इंजेक्शनची खोली, केसपेपरची खिडकी. शोधताना माणूस आपला शब्द टाकतो. म्हणून मुख्य नावात पाटीवरचं नाव, 'नेम:एमआर' मध्ये मराठी, आणि 'अल्ट_नेम' मध्ये लोकांचे शब्द, एकाहून अधिक असतील तर अर्धविरामानं तोडून. हे शब्द गोळा करायला अर्धा दिवस केसपेपरच्या खिडकीजवळ बसा आणि लोक काय विचारतात ते लिहून घ्या. नंदुरबारकडे पावरी, भिली बोलणारी माणसं येतात. त्यांच्यासाठी तिथल्याच कोणाला तरी शेजारी बसवून घ्या, स्वतःच्या अंदाजानं शब्द घालू नका.

नावासोबत क्रमांक हवा. नाव बदलतं, डॉक्टर बदलतात, विभाग हलतो, खोलीचा क्रमांक टिकतो. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानं धुळ्याला खानदेशाचं ठाणं केलं आणि नव्या वस्तीची आखणी केली. आजही धुळ्यात पत्ता सांगताना 'गल्ली नंबर ४' म्हटलं की परका माणूसही पोचतो. इमारतीत तेच करायचं: मजला, विंग, खोली. ०-ब-१२ म्हणजे तळमजला, ब विंग, बारावी खोली. हा क्रमांक 'रेफ' मध्ये लिहा. दारावर तोच क्रमांक रंगवून घेता आला तर फारच चांगलं, कारण नकाशा आणि दार यांचा क्रमांक एक असेल तरच माणसाचा विश्वास बसतो.

कोणत्या स्वरूपात द्यायचं

सगळ्यांसाठी खुला नकाशा हवा असेल तर जॉसम या संपादकातून ओपनस्ट्रीटमॅपवर चढवा. त्यात मजल्यानुसार गाळणी लावता येते, म्हणून काम सोपं जातं. संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटला किंवा ॲपला हवा असेल तर मजल्यागणिक जिओजेसन (नकाशाची माहिती साध्या मजकुरात ठेवणारी फाइल) पुरे. मोठ्या मॉलचं किंवा विमानतळाचं काम आलं तर आयएमडीएफ (इनडोअर मॅपिंग डेटा फॉरमॅट) मागतात. हे ॲपलनं तयार केलेलं स्वरूप २०२१ मध्ये ओजीसी (ओपन जिओस्पेशल कन्सॉर्शियम) या नकाशा-माहितीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेनं कम्युनिटी स्टँडर्ड म्हणून स्वीकारलं. तेही आतून जिओजेसनच आहे, पण इमारत, मजला, खोली, दार, सोय अशा वेगवेगळ्या फायली एका झिपमध्ये असतात आणि प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळखक्रमांक लागतो. वर सांगितल्याप्रमाणे तीन थर स्वच्छ ठेवलेत तर यांतलं काहीही करायला एक-दोन दिवस लागतात. बाहेर देताना निर्देशांक यूटीएममधून अक्षांश-रेखांशात बदला आणि दशांशानंतर सात आकडे ठेवा. सातव्या आकड्याला सुमारे एक सेंटिमीटर होतो, त्याहून जास्त आकडे फक्त फाइल फुगवतात.

चालून तपासणं

नकाशा झाला की मी दहा प्रश्न लिहिते. मुख्य दारातून एक्स-रे. बसस्टॉपकडच्या दारातून लसीकरण. रात्री नऊ वाजता ॲम्ब्युलन्सच्या दारातून बाळंतपणाचा वॉर्ड. खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी पहिल्या मजल्यावरचा डोळ्यांचा विभाग. संगणकाला वाट काढायला लावते, ती छापते, आणि इमारत कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात देते. मी मागून चालते, बोलत नाही. तो जिथे थबकतो तिथे खूण करते. पहिल्या खेपेला मावशीच आली. पोर्चमधून आत आल्यावर ती थांबली, कारण कागदावर 'डावीकडे' होतं आणि डावीकडे दोन बोळ होते. एकाच्या तोंडाशी पाण्याचा माठ ठेवलेला होता. मी नकाशात तो माठ टाकला. पुढच्या वाटेत 'माठाच्या बाजूचा बोळ' असं आलं आणि ती कोणालाही न विचारता एक्स-रेच्या दारापर्यंत गेली.

माठ उन्हाळ्यानंतर तिथून हलला. आता तिथे पाण्याची टाकी आहे, नकाशातही तीच आहे. यासाठी प्रत्येक खोलीला आणि दाराला 'चेक_डेट' हा रकाना ठेवा आणि तुम्ही स्वतः जागेवर जाऊन बघितलं त्याच दिवसाची तारीख त्यात घाला. मी वर्षातून दोनदा जाते, शाळांच्या सुट्ट्या लागल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, कारण रंगकाम आणि पार्टिशनची कामं बहुतेक याच काळात निघतात. जाताना त्याच दोन छापील प्रती, लाल पेन, हिरवं पेन. केसपेपरच्या खिडकीवरच्या ताईंकडे एक वही ठेवून दिली आहे. कुठलं दार बंद झालं, कुठली खोली हलली की त्या तारीख घालून एक ओळ लिहितात. मागच्या खेपेला त्यात सात ओळी होत्या, आणि त्यांतल्या पाच दारांच्या होत्या.